सत्तेचाळीस नंबरची नोंद

"भाऊ, आज जर तुम्ही मला पुढच्या शनिवारी या म्हणालात ना, तर मी इथेच बाकावर राहायला येते. गादी-उशी घेऊन."

योगेंद्रशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. प्रेमाची सुरुवात अशी होत नसते, मला ठाऊक आहे. निदान मैत्रिणींच्या तरी झाल्या नाहीत. पण माझी ती पाचवी खेप होती. सकाळची शाळा संपवून शहापूरहून बस, बसमध्ये उभं राहून बुऱ्हाणपूर, तिथून शनवारा चौकापर्यंत ऑटो, आणि मग मागच्या गल्लीतला हा ट्रस्टचा दवाखाना. गल्लीत दोन्ही बाजूंनी पावरलूमची खटखट. अर्धा तास ऐकली की स्वतःचा विचारही त्याच तालात ऐकू येतो. नोव्हेंबर होता, आभाळ भरून आलं होतं, पाऊस येत नव्हता आणि ऊनही पडत नव्हतं. माझ्यासारखंच, कशाचाच उत्साह नसलेलं.

खिडकीआडचा माणूस नवा होता. आधीच्या चार खेपांना तिथे एक चष्मेवाला असायचा, त्याने कधी मान वर केली नव्हती. याने केली. तिशीच्या अलीकडचा, सावळा, डोळ्यांखाली जागरणाची काळी रेघ.

"भाऊ नका म्हणू," तो म्हणाला.

"का बरं?"

"सकाळपासून बावीस जणींनी म्हटलं. राखीला मनगट पुरायचं नाही."

मी हसणार नव्हते. हसले.

"काम काय आहे मॅडम?"

"दुरुस्ती."

"नावात?"

"रक्तात," मी म्हटलं आणि कार्ड खिडकीतून आत सरकवलं.

त्या कार्डाबद्दल आधी सांगायला हवं. मार्चमध्ये आमच्या फोपनारला मारुतीच्या सभामंडपात या ट्रस्टचं शिबिर झालं होतं. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार असतो, त्याची तपासणी. अख्ख्या गावाने रक्त दिलं आणि महिन्याभराने घरोघरी कार्डं आली. कार्डावर तीनपैकी एक शब्द. सामान्य, वाहक किंवा रुग्ण. वाहक म्हणजे आजारी नव्हे. धडधाकट माणूस, फक्त रक्तात एक खोट घेऊन फिरणारा. आणि ती खोट आई नाहीतर बाप, कोणा एकाकडून येते, असं डॉक्टरांनी माईकवरून सगळ्या गावाला समजावून सांगितलं होतं. माईकवरून सांगितलेलं आमचं गाव विसरत नाही.

माझ्या कार्डावर होतं 'वाहक'. आईच्या कार्डावर 'सामान्य'. बाबांच्या कार्डावरही 'सामान्य'.

आमच्या शेजारच्या मालूबाईंना बेरीज येत नाही, पण ही वजाबाकी त्यांनी नळावर उभ्या उभ्या केली. "मंग ही पोरगी कोनाची वं, बाई?"

बाबा आईला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपली खाट केळीच्या मळ्यातल्या खोलीत हलवली. पंप रात्री चालवावा लागतो, म्हणे. आणि त्या दिवसापासून ते आईशी माझ्यामार्फत बोलायला लागले. आई समोर भाकऱ्या थापत असायची आणि बाबा मला म्हणायचे, "तृप्ते, तुझ्या मायले सांग, मी मळ्यातच जेवीन." मी आईकडे बघायची. आई भाकरी उलटायची. आठ महिने! आठ महिने मी त्या घरात टपाल खात्याची नोकरी केली.

जळगावला जाऊन मी स्वतःचं रक्त पुन्हा तपासून आणलं. सामान्य. कागद बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला. "दोन कागद दोन गोष्टी सांगू राहिले. मी कोनता धरू? हा तर तू आणला. तो गावासमोरचा हाय."

म्हणून मी दर शनिवारी या खिडकीशी येत होते. ज्यांनी लिहिलं होतं, त्यांच्याच हातून ते खोडून हवं होतं. माझ्यासाठी नव्हे. माझं लग्न ठरो न ठरो, मला त्याची घाई नव्हती. आईला पुन्हा नळावर मान वर करून जाता यावं, एवढंच.

हे सगळं मी त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. पण थोडं सांगितलं असणार, कारण त्याने कार्ड हातात धरून ठेवलं, लवकर परत दिलं नाही.

"अर्जात काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं.

"चूक झाली आहे, दुरुस्त करा."

"वहीं गड़बड़ हुई. चूक म्हटलं की साहेब म्हणतात, साबित करा. तुम्ही दुरुस्ती नका मागू. आधी आपल्या नोंदीची नक्कल मागा. कम्प्युटरवरची नाही, शिबिराच्या रजिस्टरचं पान. ती नोंद तुमची आहे, तुम्हाला बघायचा हक्क आहे. पान हातात आलं की चूक कुठे झाली ते दिसेल. मग दुरुस्ती."

चार खेपांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला एकदम रडू येईल असं वाटलं, दुसऱ्या कशाने नाही, नुसतं कोणी नीट बोललं म्हणून. थकव्यात माणूस कशानेही विरघळतो.

"कागद देऊ का एक?" मी विचारलं.

"हा घ्या." त्याने कोरा कागद दिला, स्वतःचं पेन दिलं, आणि मी खिडकीच्या कठड्यावर लिहायला लागले तेव्हा म्हणाला, "अक्षर छान आहे तुमचं."

"दुसरीला शिकवते. छान नसलं तर पोरं हसतात."

"माझं बघून तर म्हशी हसतील." मग जरा थांबून, "पान शोधायला वेळ लागेल. रजिस्टरं गोदामात आहेत."

"म्हणजे—"

"म्हणजे… पुढच्या शनिवारी या."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दोन्ही हात वर केले.

"बाकावर राहायची सोय करून ठेवतो, मॅडम. उशी माझ्या घरची."

*

पुढच्या शनिवारी सर्वर बंद होता, आणि कोणतं रजिस्टर गोदामात कुठे आहे ते त्यातच. खरंच बंद होता, बाहेर पन्नास माणसं शिव्या देत उभी होती. त्याने मला पाहिलं आणि खिडकीतून खूण केली, थांबा. मग दुपारच्या सुट्टीत बाहेर आला, हातात कागदाची पुडी. मावा जिलेबी, गरम.

"हे कशाबद्दल?"

"सर्वरच्या वतीने माफी."

बाकावर आम्ही बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. जिलेबीची पुडी त्या जागेवर. त्याचं नाव योगेंद्र. वडील मूळचे अकोल्याकडचे, नेपानगरच्या कागद कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. हा क्वार्टरमध्ये वाढला. रोज मोटरसायकलवर नेपानगरहून येणं, संध्याकाळी परत.

"कागदवाल्यांच्या घरचे तुम्ही," मी म्हटलं. "म्हणून कागदांवर एवढी माया."

"उलट आहे. बाबांच्या कपड्यांना सदा लगद्याचा वास. लहानपणीच ठरवलं होतं, कागदाचं काम करायचं नाही. म्हणून लॅब टेक्निशियन झालो. गावोगाव फिरायचो, रक्त घ्यायचो. माझ्या हातून सुई टोचली तर पोरंसुद्धा रडत नाहीत, विचारा कोणालाही." तो स्वतःच्या बोटांकडे पाहत हसला. "दोन महिन्यांसाठी रेकॉर्डला बसवलंय. आणि आलो परत कागदातच."

"माझं रक्त घेणाऱ्याने तर घोळच घातला," मी म्हटलं.

त्याने जिलेबीचा तुकडा मोडला. "हो ना," म्हणाला.

येताना बसमध्ये मला जागा मिळाली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मी स्वतःवर चिडले. घरात आई अशी, आणि मी?

पण खोटं कशाला बोलू. तिसऱ्या शनिवारी मी आकाशी ओढणी घेतली, जी धुवायला सोपी नाही म्हणून मी शाळेत कधी घेत नाही. आईने ती पाहिली. "दवाखान्यातच चालली ना?" एवढंच विचारलं. मी हाव म्हटलं आणि चप्पल उलटी घातली.

"पान मिळालं?" मी खिडकीशी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून… एक रजिस्टर सापडायचं आहे."

"तुम्हाला पान द्यायचं नाहीये," मी म्हटलं. "दिलं की मी यायची बंद होईन. म्हणून लांबवताय." बोलून बसले आणि कानाच्या पाळ्या तापल्या. शाळेत मुलांना सांगते, आधी विचार करा मग बोला!

त्याने मान वर केली. त्या नजरेत गंमत असायला हवी होती. मी बोलले ती गंमतच होती. पण त्याच्या नजरेत ती नव्हती, आणि मला वाटलं, हा आता काहीतरी म्हणणार.

"थोडं खरं आहे," तो म्हणाला. बस.

त्या थोड्या खऱ्यावर मी आठवडाभर जगले. फळ्यावर सातचा पाढा लिहिताना, बाबांचा निरोप आईला सांगताना, आईचं उत्तर बाबांना सांगताना. आईला आठवड्यात दोनदा ताप येऊन गेला होता. ती तापातही मळ्यात डबा पाठवत होती. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "मंग लोकं अजून बोलतीन."

*

चौथ्या शनिवारी तो खिडकीत नव्हता. बाकावर बसला होता, माझीच वाट पाहत. या वेळी मध्ये पुडी नव्हती, एक पाकीट होतं.

"बसा ना," तो म्हणाला. गेले तीन शनिवार तो मॅडम म्हणत होता, आज म्हणाला नाही.

पाकिटात रजिस्टरच्या पानाची नक्कल होती. आडव्या रेघा, नावं, नंबर. सत्तेचाळीस, तृप्ती हिरामण पाटील. अठ्ठेचाळीस, छाया नीलेश पाटील. ही आमची छायावहिनी, मालूबाईंची सून. तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लहान, गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'गर्भवती. आधी घेतले.'

"यात काय आहे?" मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं.

"त्या दिवशी काय झालं होतं, आठवतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मारुतीच्या सभामंडपात रांग. छायावहिनी माझ्या मागे. तिला सातवा महिना होता आणि तिला घेरी येत होती. माझा नंबर आला तेव्हा मी उठले आणि म्हटलं, हिला आधी घ्या. आमच्याकडे पोटुशीला कोणीही रांगेत उभं ठेवत नाही. रेशनच्या दुकानात नाही, नळावर नाही. ते करताना काही केल्यासारखं वाटतही नाही, म्हणून इतक्या महिन्यांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"नावं आधी लिहिली होती," तो सावकाश सांगू लागला. "रांगेच्या हिशोबाने. नळ्यांवर नंबरही आधीच चिकटवले होते आणि त्याच क्रमाने स्टँडमध्ये लावून ठेवल्या होत्या. गर्दीत वेळ वाचतो म्हणून. तुमच्या वहिनी पुढे येऊन बसल्या. समोर सत्तेचाळीसची नळी होती. रक्त त्यांचं, नळी तुमची. मग तुम्ही बसलात, तर पुढची नळी अठ्ठेचाळीस."

पावरलूमची खटखट चालूच होती. मला सगळं एकदम कळलं, आणि त्यानंतर आणखी एक गोष्ट कळली. म्हशी हसतील असं अक्षर.

"हे तुम्ही लिहिलंय," मी म्हटलं.

"हो."

"तुम्ही होता तिथे."

"तोंडावर मास्क होता. तुम्ही ओळखलं नाहीत. मीही नव्हतं ओळखलं, दिवसाला दोनशे हात बघतो आम्ही." त्याने बोट सत्तेचाळीसवर ठेवलं. "पान सापडलं तेव्हा कळलं."

"कधी सापडलं?"

त्याने रिकामं पाकीट उचलून मांडीवर घेतलं.

"योगेंद्रजी, कधी सापडलं?"

"पहिल्या आठवड्यात सर्वर खरंच बंद होता. दुसऱ्यात सापडलं. म्हटलं, नोकरी जाईल, कसं सांगू. आणि तोपर्यंत…" त्याने पाकिटाचा कोपरा दुमडला, उलगडला. "तोपर्यंत तुम्ही मला आवडायला लागला होतात. मग तर तोंडच उघडेना. साहेबांना सांगितलं परवा. धर्मेंद्र साहेब म्हणाले, नई एंट्री मार दो, बात खतम. तुमचं कार्ड गुपचूप सामान्य करून देऊ. पण मग अठ्ठेचाळीसचं काय? त्या बाईंना वाटतंय आपण सामान्य आहोत. त्यांचं बाळ…"

मी उठले. हाच माणूस मला आवडला होता, अजूनही आवडत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"तुम्हाला ठाऊक आहे का, या पंधरा दिवसांत माझी आई तापात उठून स्वयंपाक करत होती? लोक बोलतील म्हणून? तुम्ही जिलेबी खाऊ घातलीत मला. मी ओढणी बदलून येत होते, वेड्यासारखी!"

"तृप्ती—"

"मॅडम म्हणा," मी म्हटलं आणि पान घेऊन निघाले.

*

सोमवारी दवाखान्यातून एक नर्स गावात आली. माझं आणि छायावहिनीचं रक्त पुन्हा घेतलं, अर्ध्या तासाच्या अंतराने, नळीवर नाव आमच्याच हाताने लिहून घेऊन. गुरुवारी तिच्या नवऱ्याला, नीलेशभाऊंना, बुऱ्हाणपूरला बोलावून घेतलं. केळीचा ट्रक घेऊन ते दिल्लीला गेलेले असायचे, शिबिरात त्यांचं रक्त घेतलंच गेलं नव्हतं. हे सगळं कोण करतंय ते मला कळत होतं. मी चौकशी केली नाही. रात्री मात्र झोप लागत नव्हती, आणि झोप लागत नाही म्हणून आणखी राग येत होता.

रविवारी दुपारी अंगणात मोटरसायकल थांबली. बाबा नुकतेच मळ्यातून आले होते. आई धुणं वाळत घालत होती. योगेंद्र आत आला, मागून छायावहिनी बाळाला कडेवर घेऊन, आणि तिच्या मागे कुंपणापर्यंत मालूबाई. तो आधी त्यांच्याकडेच जाऊन आला होता.

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बाबांना नमस्कार केला, आईला वाकून केला, आणि उभ्या उभ्याच सांगितलं. नाव, काम, शिबिर, नळ्या. एक वाक्यही चुकीचं किंवा गोलमोल नाही. शेवटी त्याने दोन नवी कार्डं काढली, आणि एक सही-शिक्क्याचा कागद. त्यात चूक कोणाची ते त्याच्या नावानिशी लिहिलं होतं.

"तृप्तीजींचं रक्त सामान्य आहे, काका. पहिल्यापासून होतं. वाहक छायाताई आहेत. नीलेशभाऊ सामान्य निघाले, म्हणजे बाळाला या आजाराची भीती नाही. फार तर आईसारखं धडधाकट वाहक असेल. चूक माझी आहे. गावात माईकवर सांगायचं असेल तर मी सांगतो."

बाबांनी कार्ड घेतलं. आठ महिन्यांनी ते आईकडे वळले, आणि माझ्यामार्फत नाही. "पार्वती…"

"थांबा," आई म्हणाली. तिने हातातलं ओलं धोतर झटकून दोरीवर टाकलं, चिमटा लावला. मग बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"या पोऱ्यानं नळी चुकवली. दोन पोरी, याने पहिल्यांदा पाहिलेल्या, अन् रांगेत दोनशे मानसं. चुकली. कबूल करायले घरी आला." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मले सव्वीस वर्सांपासून पाहू राहिले. तुमची कोनती नळी चुकली?"

बाबांनी मान खाली घातली. मी माझ्या वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याविषयी मला वाईट वाटलं, आणि तरी मनात आलं, बरं झालं.

आईने छायावहिनीच्या कडेवरचं बाळ घेतलं. कुंपणाशी मालूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "छाया, तुझ्या सासूले सांग, वाहक म्हंजे आजार नाही. अन् हे काही तुवा चोरून आनलं नाही. मले आता सगळं तोंडपाठ हाय, काही इचारायचं असन तर मले इचारा." छायावहिनी रडायला लागली. आईने तिला बसायला पोतं टाकलं.

*

योगेंद्र मोटरसायकलशी गेला तेव्हा मी मागोमाग गेले. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, कपडे भिजतील इतकाही नाही.

"नोकरी?" मी विचारलं.

"आहे. पण शिबिरं बंद. आता सुई हातात देणार नाहीत. कायमचा रेकॉर्डला." त्याने हसायचा प्रयत्न केला. "मुलांना न रडवणारा हात. गेला."

मला त्याचा हात धरावासा वाटला. कुंपणावरून मालूबाई बघत होत्या, म्हणून नाही धरला. मग वाटलं, मालूबाईंच्या भीतीने आणखी किती दिवस? धरला. त्याची बोटं गार होती.

"राग गेलेला नाही माझा," मी म्हटलं.

"नका जाऊ देऊ. मला तुम्ही… रागावलेल्याही चालतील."

"एक विचारू? उद्या माझ्याविषयी असाच एखादा कागद आला, शिक्क्याचा, तर तुम्ही काय कराल?"

त्याने हात सोडवला नाही. ते मला बरं वाटलं.

"घाबरेन," तो म्हणाला. "मग तुमच्यासमोर येऊन बसेन आणि तुम्हाला विचारेन. तुम्ही सांगाल ते धरेन. मॅडम, कागद मी लिहितो. मला माहीत आहे कसे लिहितात ते."

माझे डोळे भरून आले. इतके महिने मी कोणाकडून तरी हेच ऐकायची वाट पाहत होते, आणि ते आधी बाबांनी आईला म्हणायला हवं होतं.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "दुसऱ्या शनिवारपासून. पण मागणी घालायची असेल तर बाबांकडे जाऊ नका. आईकडे जा. या घरात हो की नाही, यापुढे तीच सांगेल."

"आत्ता जाऊ?"

"आत्ता?"

पण तो निघालाच होता. अंगणात आई खाटेच्या कडेवर बसली होती, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. बाबा लांब ओट्यावर, हातात ते कार्ड. योगेंद्र आईसमोर जमिनीवर बसला आणि दोन वाक्यांत बोलला. मला ऐकू आलं नाही, पण आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती आकाशी ओढणी माझ्या अंगावर नव्हती, तरी तिला काय दिसायचं ते दिसलं असावं.

"आज नको बापू," ती त्याला म्हणाली. "आज मी लई थकली रे. उद्या ये. जेवायलेच ये."

तिने बाळ छायावहिनीकडे दिलं, उठली, आत गेली आणि भर दुपारी चटईवर आडवी झाली. चुलीवर भाजी अर्धी शिजलेली होती. बाबा उठले, दारात चप्पल काढली, आत जाऊन चुलीशी बसले आणि भाजी हलवू लागले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

आई थकल्याचं मी आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं होतं. थोड्या वेळाने आतून तिचं घोरणंही ऐकू आलं, हलकं, एका लयीत.

योगेंद्र माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कोणाची झोपमोड होऊ नये अशा आवाजात म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?"

"लवकर या," मी म्हटलं.